सोल्यूशनचा डबा आणि रुळाचे यंत्र

(धनज येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणिसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘सोल्यूशन’ एवढाच शब्द कळविला. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ तोडगा असाही होतो; त्यामुळे समाजाच्या एकंदर अडचणींवर आम्ही काही तोडगा सांगणार, असा त्यांचा समज झाला. तेवढी आमची योग्यता नाही. आम्ही बोलणार आहो ते डब्यातील सोल्यूशनविषयी. ज्याला आपल्या कारखान्यांतून ‘सुलेशन’ म्हणतात आणि ज्याच्या वासाने आपला मोहल्ला परगावच्या माणसालाही ओळखता येतो, त्याविषयी. आमचा जन्म शाळेत खडू धरण्यात गेला. रापी आणि आरी हाती आली ती केवळ लहानपणी, वडिलांच्या शेजारी बसून. तेव्हा जाणकारांना आमच्या बोलण्यात चूक दिसल्यास त्यांनी ती अवश्य दाखवावी.

आमच्या लहानपणी या भागात विहिरींवर मोटा चालत. वडील मोट शिवीत ती चामड्याच्याच वादीने. मोट पाण्यात भिजली की चामडे फुगे, शिवणीची छिद्रे वादीभोवती आवळली जात आणि पाणी जागच्या जागी राही. चिकटविण्याचे कामच नव्हते. जोड्याचे अस्तर बसवावयाचे झाले तर आई कणकेची लेई शिजवी. तिच्यात चिमूटभर मोरचूद घातला नाही तर झुरळे आणि उंदीर रात्रीतून अस्तर फस्त करीत. पुढे शाळेतील हजेरीपटांची बांधणी करताना हीच लेई आम्ही कैक वर्षे वापरली आणि मुख्याध्यापकांची शाबासकी मिळविली. ती वस्तुतः आईची होती.

लेईची जागा रबराच्या सोल्यूशनने घेतली. अमेरिकेत १९३० च्या सुमारास ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर निर्माण झाले. त्यापासून केलेल्या चिकटद्रवाने चामडे चामड्यास आणि तळ अपरास इतका घट्ट धरू लागला की अनेक प्रकारच्या जोड्यांतील तळाची शिवण मागे पडली. चिकटविलेला जोडा हलका असतो, लवकर होतो आणि स्वस्त पडतो. आज बाजारात भिंतभर मांडलेले जोडे दिसतात, त्यांतील बहुतेकांचा जीव या द्रवावर आहे. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. गरिबाच्या मुलाच्या पायात शाळेचा बूट आला तो यामुळेच.

परंतु या डब्यात असते काय, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? घट्ट, चिकट असा जो अंश चामड्यावर राहतो तो साधारणपणे चौथा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. उरलेले तीन हिस्से म्हणजे त्याला पातळ ठेवणारा, हवेत उडून जाणारा द्रव. डबा संपतो तेव्हा त्याचे तीन हिस्से आपल्या खोलीच्या हवेतून, म्हणजे आपल्या छातीतून, गेलेले असतात. आणि ही वाफ हवेहून जड असते. ती वर छपराकडे जात नाही, जमिनीलगत पसरते. आपल्या भगिनी पट्टे चिकटवावयास बसतात त्या जमिनीवर. पाळण्यातून उतरलेले मूल रांगते तेही जमिनीवरच.

आमचे थोरले चुलतबंधू तरुणपणी मुंबईस गेले आणि धारावीतील एका माळ्यावर अपर चिकटविण्याच्या कामास लागले. मालकाचे नाव सांगण्यात अर्थ नाही; त्या काळी सारे माळे तसेच होते. एक खिडकी, तीही पावसाळ्यात बंद. दिवसाचे दहा-बारा तास हातात ब्रश, पुढ्यात उघडा डबा. दुसऱ्या वर्षी त्यांच्या पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, मग बोटे बधिर झाली, मग पावले. चालता चालता वहाण पायातून निसटून मागे राही आणि त्यांना ती गेल्याचे कळत नसे. ज्याच्या वाडवडिलांनी साऱ्या गावाला वहाणा पुरविल्या, त्याला स्वतःच्या पायातील वहाण कळू नये, यापरते दुःख ते कोणते? सरकारी रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरांनी ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न विचारला आणि तेथे निदान झाले. काम सोडल्यावरही दोन महिने दुखणे वाढतच गेले; नंतर दीड-दोन वर्षांत हळूहळू उतरले. आज ते चालतात. जिना उतरताना मात्र अजून कठडा धरतात.

आम्हांस तेव्हा वाटले, हे आमच्याच घराचे दैव. पुढे वाचनात आले की १९६० च्या दशकात जपानच्या मिए प्रांतात घरोघरी चपला चिकटविणाऱ्या कारागिरांना नेमके हेच झाले होते. १९६९ साली तेथील अशा ९३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. दोष होता चिकटद्रवातील हेक्झेन नावाच्या द्रवाचा. तो शरीरात गेल्यावर त्याचे जे रूपांतर होते ते हातापायांच्या मज्जातंतूंना मारते. तुर्कस्तानात इस्तंबूल येथे डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी १९७४ साली चिकटद्रवातील बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग किंवा त्याची पूर्वलक्षणे झालेल्या २६ चर्मकामगारांची नोंद प्रसिद्ध केली. तेथील कामगार आणि आमचे बंधू यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, देश वेगळा, डबा एकच.

आता यंत्राकडे वळू.

सोल्यूशन लावण्याचे सर्वांत साधे यंत्र म्हणजे रुळाचे. खाली द्रवाची पन्हळ. तिच्यात अर्धवट बुडालेला पोलादी रूळ विजेच्या मोटारीवर सावकाश फिरतो आणि अंगावर द्रव घेऊन वर येतो. रुळाला लागून एक पाते असते. पाते व रूळ यांमधील फट स्क्रूने कमी-जास्त करता येते आणि जेवढी फट तेवढाच द्रवाचा थर पुढे जातो. वर दुसरा रूळ. दोहोंच्या मधून चामड्याचा तुकडा सरकविला की दुसऱ्या बाजूस तो एकसारखा माखलेला बाहेर येतो. उसाचा चरक ज्याने पाहिला आहे त्याला हे यंत्र समजावून सांगावयास नको.

यात नवल ते पात्याचे. ब्रशाने लावताना एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी पातळ असे होतेच, मग हात कितीही कसलेला असो. जाड थर लवकर वाळत नाही. वरून कोरडा, आतून ओला राहतो आणि महिन्याभरात जोड उकलतो. गिऱ्हाईक दोष देते तो चिकटद्रवाला किंवा कारागिराला. दोष असतो थराचा. यंत्राने थर सारखा बसतो आणि द्रवही कमी लागतो.

मोठ्या कारखान्यांतून याहून पुढची यंत्रे आली आहेत. काही हवेच्या दाबाने फवारा मारतात. काहींत चिकट पदार्थ घन स्वरूपात असतो. तो दीडशे अंशांच्या वर तापवून वितळवितात आणि बारीक तोंडातून रेघेसारखा सोडतात. तो क्षणात थिजतो. त्यात उडून जाणारा द्रवच नसल्याने वासही नाही आणि वाफेने आग लागण्याची भीतीही नाही. हात भाजण्याची मात्र आहे. फर्म्यावर अपर ताणून बसविणाऱ्या यंत्रांतूनही आता हा तापलेला पदार्थ यंत्रच जागच्या जागी सोडते. त्या ताणण्याच्या यंत्राचा मूळ कर्ता यान मात्झेलिगर. सुरिनाममध्ये १८५२ साली गुलाम-वंशातील मातेच्या पोटी जन्मलेला हा कृष्णवर्णी कामगार अमेरिकेत लिन शहरी जोड्यांच्या कारखान्यात नोकरीस होता. रात्री जागून त्याने यंत्र जुळविले आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळविले. सहा वर्षांनी क्षयाने तो वारला. वय चाळिशीच्या आत. आमच्या मुलांनी हे नाव पाठ करावे, असे आम्हांस फार वाटते.

तथापि यंत्राची स्तुती करताना त्याची व्यंगे झाकणे शिक्षकाला शोभत नाही. रुळाची पन्हळ उघडी ठेवली तर डब्यापेक्षा अधिक वाफ सोडते. झाकण आणि वाफ ओढून नेणारा पंखा यांवाचून असे यंत्र घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय. दिवसाला चार जोड करणाऱ्याला ते परवडत नाही. रूळ पुसण्यातच वाचलेला द्रव खर्ची पडतो. अरुंद पट्टे आणि वळणाच्या कडा यांना ब्रशच लागतो. शिवाय चामडे तेलकट आहे की नाही, आधी घासून खरबरीत केले आहे की नाही, हे यंत्रास कळत नाही. थर वाळून केव्हा जोड दाबावा, हे आजही अनुभवी माणूस बोटाची पाठ लावून ठरवितो.

आणि कोल्हापुरी वहाणेचे काय, असे कोणी विचारील. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची, वादीने शिवलेली ती परंपरागत वहाण आपल्या आधाराची आहे. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र व कर्नाटक यांतील चार-चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे तिच्यासारखी वहाण मूळ नाव न सांगता मांडली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आपण जाणताच. जेथे शिवणीने निभते तेथे शिवणच ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु आपल्या घरांतून आज तयार होणारा बहुतेक माल त्या जातीचा नाही, तो डब्यावरचा आहे. कोल्हापुरीचा अभिमान सांगून डब्याची वाफ कमी होत नाही.

या वर्षी वर्गणीच्या निमित्ताने फिरताना आम्ही काही घरे आतून पाहिली. एका खोलीत सून पट्टे चिकटवीत होती, डबा उघडा, चार हातांवर गॅसची शेगडी पेटलेली. आम्ही बोललो तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, डझनामागे पैसे मिळतात. बाहेर बसू कुठे?” त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. तेव्हापासून आम्ही कार्यकारी मंडळाच्या मागे लागलो आहो. समाजमंदिराच्या मागील खोलीत एक रुळाचे यंत्र सामाईक बसवावे आणि घरोघरचे डबे तेथे यावेत.

यंत्र आले तर बायकांची मजुरी जाईल, ही शंका काहींनी घेतली आणि ती खोटी नाही. रुळावर एकटी बाई अनेकींचे काम उरकील. म्हणूनच आमचा आग्रह आहे की यंत्र चालवावे ते आज चिकटविणाऱ्या भगिनींनीच, पाळीपाळीने. आणि डझनाचा जो दर आज आहे तोच त्यांच्यात वाटला जावा. वेळ वाचेल तो त्यांचा. हे मान्य नसेल तर यंत्र न घेतलेले बरे, असे आम्ही मंडळास लेखी कळविले आहे.

पंखा मात्र यंत्राच्या आधी बसला पाहिजे आणि तो भिंतीत वर नव्हे, जमिनीलगत. कारण वाफ खाली असते. ठिणगी न पाडणारी मोटार घ्यावी लागेल. त्याबद्दल विजेचे काम जाणणाऱ्या आपल्या तरुणांनी चौकशी करावी. भिंतीची जागा आम्ही खडूने आखून ठेविली आहे. पुढील रविवारी सकाळी आठ वाजता भोक पाडावयाचे आहे. ज्यांच्या घरी छन्नी-हातोडा अथवा पहार असेल त्यांनी ती घेऊन यावी.