आंतली रेषा आणि तिचा परवाना

नाशिकच्या माणसाला काशीस किंवा कन्याकुमारीस जावयाचें झाल्यास तिकिटापलीकडे कोणाची अनुज्ञा लागत नाहीं. परंतु तेजपूरहून तवांगकडे निघालेली मोटार ब्रह्मपुत्रेचें मैदान मागें टाकून भालुकपोंगला पोहोंचली, म्हणजे तेथील नाक्यावर बाहेरून आलेल्या प्रवाशाला एक कागद दाखवावा लागतो. हा कागद म्हणजे ‘इनर लाइन परमिट’. मराठींत म्हणावयाचें तर आंतल्या रेषेचा परवाना. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम व मणिपूर या चार राज्यांत बाहेरच्या भारतीयाला तो लागतो. स्वदेशांतच प्रवेशाची परवानगी कां मागावी, असा प्रश्न सुशिक्षित प्रवाशाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर मात्र दीडशें वर्षांपूर्वींच्या चहाच्या मळ्यांत शोधावें लागतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आसाम व काचार या भागांत चहाचे मळे झपाट्यानें पसरले आणि डोंगरांच्या पायथ्याशीं जाऊन भिडले. रबर, मेण व हस्तिदंत यांच्या लोभानें व्यापारी त्याहिपुढें रानांत शिरूं लागले. डोंगरांतील लोकांच्या दृष्टीनें तीं त्यांचीं पिढीजात शिकारीचीं रानें होतीं. मळेवाल्यांच्या दृष्टीनें ती नुसती पडीक जमीन होती. अशा ठिकाणीं खटका उडाल्यावांचून राहत नाहीं. १८७१ च्या जानेवारींत लुशाई लोकांनीं काचारमधील एका मळ्यावर हल्ला केला. त्यांत जेम्स विंचेस्टर नांवाचा इंग्रज मारला गेला आणि मेरी ही त्याची लहान मुलगी डोंगरांत नेली गेली. पुढें सरकारनें फौज धाडली, तेव्हां १८७२ सालीं ती मुलगी परत मिळाली.

अशा मोहिमा खर्चाच्या होत्या, आणि डोंगरांतून महसूल तर कांहींच नव्हता. म्हणून १८७३ सालीं ‘बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन’ हा कायदा झाला. सरकारनें एक रेषा आंखावी. तिच्यापलीकडे पासावांचून कोणी गेल्यास तो गुन्हा समजावा. अशा गुन्हेगाराजवळ सांपडलेलें रबर, मेण वा हस्तिदंत जप्त करतां यावें. आणि तेथील मूळ रहिवासी नसलेल्यानें रेषेपलीकडे सरकारच्या मंजुरीवांचून जमिनींत हक्क मिळवूं नये, असा त्याचा मथितार्थ होता. ही रेषा म्हणजे राज्याची सरहद्द नव्हे. सरहद्द तिच्या पलीकडे होती, म्हणूनच हिला ‘आंतली’ म्हणावयाचें. तिनें अडविलें तें मैदानांतील मळेवाल्याला व सावकाराला. यांत डोंगरी लोकांविषयीं कळवळा फारसा नव्हता. सरकारला तंटा व खर्च टाळावयाचा होता.

स्वातंत्र्यानंतर ही रेषा पुसली जाईल असें वाटणें साहजिक होतें. पण १९५० सालीं कायद्यांतील ‘ब्रिटिश प्रजाजन’ या शब्दांच्या जागीं ‘भारताचे नागरिक’ हे शब्द आले आणि रेषा तशीच राहिली. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानें नागरिकाला देशभर संचाराचा हक्क दिला. त्याच अनुच्छेदाच्या पांचव्या खंडानें अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठीं त्या हक्कावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाहि ठेवली.

या मुभेवरून मोठा वाद झाला. आजचा अरुणाचल तेव्हां ‘नेफा’ म्हणून ओळखला जाई. राममनोहर लोहिया यांनीं १९५८ व १९५९ सालीं परवान्यावांचून तेथें प्रवेश करण्याचा मुद्दाम प्रयत्न केला आणि दोन्ही वेळां त्यांना मागें परतविण्यांत आलें. भारतीयानें भारतांत पास कां काढावा, हा त्यांचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. दुसऱ्या बाजूला व्हेरियर एल्विन होते. १९२७ सालीं पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघांत आलेले हे इंग्रज गृहस्थ पुढें आदिवासींत राहिले, १९५४ सालीं भारताचे नागरिक झाले आणि नेफाच्या प्रशासनाचे मानवशास्त्रविषयक सल्लागार म्हणून त्यांनीं काम केलें. आदिवासींना पदार्थसंग्रहालयांतील वस्तूंप्रमाणें जपून ठेवावयाचें आहे, हा आरोप त्यांनीं नाकारला. बाहेरच्या माणसांचा लोंढा एकदम आंत आला, तर जमीन हातची जाते आणि माणूस आपल्याच गांवीं परका होतो, ही त्यांची भीति होती.

त्या भीतीचें मर्म आंकड्यांवरून कळतें. २०११ च्या जनगणनेंत एकट्या पुणें जिल्ह्याची वस्ती ९४ लाखांवर होती. सगळ्या मिझोरामची ११ लाखांच्या आंत. एवढ्या लहान समाजांत थोडीशी बाहेरची वस्तीसुद्धां पारडें फिरवूं शकते. म्हणूनच परक्या राज्यकर्त्यांनीं आपल्या सोयीसाठीं ओढलेली ही रेषा आज तेथील लोकांनाच हवीशी वाटते. २०१९ च्या डिसेंबरांत ती मणिपूरला लागू झाली, आणि त्याच महिन्यांत मेघालयाच्या विधानसभेनें आपल्या राज्यालाहि ती लागू करावी असा ठराव केला. रेषेमुळें व्यापाराला खीळ बसते, पोट भरावयास आलेल्या गरीब मजुराला हाच कागद श्रीमंत प्रवाशापेक्षां जड जातो, हे आक्षेपहि खरे आहेत. रेषा ठेवणाऱ्यांनीं त्यांचा विचार केलाच पाहिजे.

प्रवाशाचें काम त्या मानानें सोपें आहे. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ओळखपत्र, छायाचित्र व प्रवासाच्या तारखा देऊन अर्ज करतां येतो. कागदावरची मुदत संपण्यापूर्वीं परत फिरावें. तवांगपुढील बुम ला खिंडीसाठीं निराळी अनुज्ञा लागते, ती आधींच मिळवावी. आणि परवाना हातांत पडला म्हणजे तेथें जमीन घेण्याचा वा कायमची वस्ती करण्याचा हक्क मिळाला, असें मात्र समजूं नये. जाणारा पाहुणा म्हणून जात आहे, एवढेंच तो कागद सांगतो. आणि पाहुण्यानें विचारून आंत यावें ही रीत आपल्या घरींहि चालत आलेली आहे.