कॅमेरा घ्यायचाय? आधी तारखा मोजा

"ताई, व्हिडिओसाठी प्रोफेशनल कॅमेरा कुठला घेऊ?" हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ दर आठवड्याला येतो. आजवर मी त्याचं तुकड्यातुकड्यांनी उत्तर देत आले. पण या वेळी लातूरकडच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला आणि वाटलं, यावर अख्खा भाग करायला हवा.

ती फोनवर व्हिडिओ करते. गावातले वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, एकदोन साखरपुडे. काम छान आहे, मी बघितलं. आता तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होणार आणि तिला त्यात उतरायचंय. आई बचत गटातून एक लाखाचं कर्ज काढून द्यायला तयार आहे. पोरगी विचारते, "एक लाखात कुठला कॅमेरा?"

बचत गटाचं कर्ज म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना माहितीये. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येईल ही भीती दुय्यम. गटातल्या बाकीच्या बायकांसमोर आईची मान खाली जाते, ते खरं. म्हणून आज मॉडेलचं नाव सांगून मी मोकळी होणार नाही. जरा सविस्तर बोलू.

पहिली गोष्ट. प्रोफेशनल कॅमेरा म्हणजे नेमकं काय? बऱ्याच जणांना वाटतं, ज्याचं चित्र भारी दिसतं तो. तसं नाहीये. चित्र आज फोनचंही भारी दिसतं. २०१५ सालचा 'टँजरिन' हा सिनेमा आयफोन ५ एसवर शूट झाला होता. २०२५च्या '२८ इयर्स लेटर'चा बराच भाग आयफोन १५ प्रो मॅक्सवर झालाय. पण लोक अर्धीच गोष्ट सांगतात. 'टँजरिन'च्या फोनवर खास ॲनामॉर्फिक लेन्स लावली होती. म्हणजे फोन होता, पण त्याच्या भोवती बाकीची तयारीही होती.

मग प्रोफेशनल म्हणजे काय? माझ्या मते, भरवसा. मंगलाष्टकं संपतात, अक्षता पडतात, आणि ते एकदाच होतं. नवरा-नवरीला "जरा परत करा ना" म्हणता येत नाही. त्या क्षणी कॅमेरा तापून बंद पडला, कार्ड करप्ट झालं, बॅटरी गेली, तर तुमचे रंग कितीही सुंदर असोत, उपयोग शून्य.

एक उदाहरण देते. सोनीचे दोन कॅमेरे घ्या, २०२१चा झेडव्ही-ई१० आणि २०२२चा एफएक्स३०. दोन्हींचा सेन्सर एकाच गटातला, एपीएस-सी. किमतीत मात्र मोठा फरक. जास्तीचे पैसे कशाचे? एफएक्स३०मध्ये कार्डाच्या दोन जागा आहेत, म्हणजे एकाच वेळी दोन कार्डांवर रेकॉर्डिंग करता येतं. आत पंखा आहे, त्यामुळे लांबलचक कार्यक्रमात तापून बंद पडायची भीती कमी. सेन्सरलाच स्थिर ठेवायची सोय आहे. आणि रेकॉर्डिंग १० बिट होतं. झेडव्ही-ई१०मध्ये यातलं काहीच नाही. म्हणून तो वाईट आहे का? अजिबात नाही. घरी बसून यूट्यूबसाठी रेसिपी करणाऱ्याला तो पुरून उरतो. तिथे चुकलं तर पुन्हा फोडणी देता येते!

हे ८ बिट, १० बिट काय असतं? ८ बिटमध्ये लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ छटा. १० बिटमध्ये १०२४. जे शूट केलं ते तसंच द्यायचं असेल तर ८ बिट चालतं. पण लॉगमध्ये शूट करून नंतर रंग ओढायचे असतील, तर ८ बिटमध्ये संध्याकाळच्या आभाळावर पट्टे दिसायला लागतात. तुम्हाला कलर ग्रेडिंग येत नसेल, तर आज त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आता खर्चाचा क्रम. दुकानात गेलं की आपण बॉडीपासून सुरुवात करतो आणि उरलेल्या पैशात माइक घेतो. मी म्हणते, उलटं करा.

सगळ्यात आधी आवाज. चित्र थोडं मऊ असलं तरी लोक बघतात, आवाज खराब असला की पुढे ढकलतात. कॅमेऱ्यावरचा माइक कितीही महाग असो, तो दहा फुटांवर असेल तर हरला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद चौथाईवर येते. म्हणून कॉलरला लावायचा वायरलेस माइक घ्या. घेताना एकच बघा, ट्रान्समीटरच्या आत रेकॉर्डिंग होतं का? कार्यालयात चारपाचशे फोन चालू असतात, सिग्नल मधेच तुटतो. आत रेकॉर्ड झालेलं असेल तर तुम्ही वाचता. लग्नात माइक नवरीला लावू नका. शालू, दागिने, हार, सगळं घासतं. भटजींना लावा. आवाज त्यांचाच हवा असतो आणि ते फारसे हलतही नाहीत.

मग ट्रायपॉड. गिंबल नंतर. गिंबल दिसायला झकास, पण दोन तासांचं कीर्तन गिंबलवर धरून बघा, हात कुठे गेले ते कळणार नाही. फ्लुइड हेडचा बऱ्यापैकी ट्रायपॉड दहा-दहा वर्षं जातो. कॅमेरे बदलतील, तो तिथेच राहील.

मग प्रकाश. एक एलईडी लाइट, एक स्टँड, एक सॉफ्टबॉक्स. एवढ्यावर मुलाखत सुंदर होते.

मग लेन्स. बॉडीबरोबर जी किट लेन्स येते, ती झूम केली की साधारण एफ ५.६ वर जाते. एफ १.८ची साधी प्राइम लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत घेते. हळदीला रात्री मांडवात दोन पिवळे बल्ब असतात, तेव्हा हा फरक कळतो. आणि लेन्स लवकर जुनी होत नाही. फक्त एक सांभाळा. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, कोकणात तर हमखास. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढं स्वस्तात होतं.

आणि सगळ्यात शेवटी बॉडी. हो, शेवटी.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. शटर फ्रेमरेटच्या दुप्पट ठेवतात, म्हणजे २५ फ्रेमला १/५०. त्यामुळे हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटते. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. तुम्ही परदेशातला व्हिडिओ बघून ३० फ्रेम आणि १/६० ठेवलंत, की कार्यालयात चित्रावर काळे पट्टे फिरताना दिसू शकतात. १/५० ठेवा, बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. कॅमेऱ्यात पाल आणि एनटीएससी असा पर्याय असेल तर पाल निवडा. आयफोनवाल्यांनो, सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या रेकॉर्ड व्हिडिओ भागात पाल फॉरमॅट दाखवायचा पर्याय आहे, तो चालू केला की २५ फ्रेम मिळतात. फुकटात! स्टेजमागच्या एलईडी वॉलचं मात्र सांगता येत नाही, तिथे आधी जाऊन एक मिनिट शूट करून बघायचं.

पण १/५० ठरलं की उन्हात पंचाईत. भर दुपारी आयएसओ १०० आणि १/५० ला एफ २२ लागतो. तुम्हाला मागचं धूसर हवं, एफ २.८ वर जायचंय, तर ६ स्टॉप प्रकाश कापावा लागतो, म्हणजे ६४ वा हिस्सा आत घ्यायचा. म्हणून एनडी फिल्टर. लेन्सचा गॉगल म्हणा ना.

आणि साठवण. याचा हिशोब कुणीच करत नाही. १०० एमबीपीएसवर शूट केलं तर तासाला ४५ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांत भरतं. एका लग्नाचं सहा तास फुटेज म्हणजे २७० जीबी, दोन प्रती ठेवल्या की ५४०. सीझनमध्ये अशी वीस लग्नं केलीत तर जवळपास ११ टीबी! हार्ड डिस्क फुकट येत नाहीत, ते पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा. कार्ड घेताना त्यावर व्ही३० असं लिहिलेलं बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी. आणि घरचा लॅपटॉप जुना असेल तर १० बिटच्या एच.२६५ फाइल उघडताना तो रडतो. मग प्रॉक्सी करून एडिट करायची सवय लावा.

जुना कॅमेरा घ्यावा का? घ्यावा, पण तपासून. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जा, नाहीतर गावातल्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून घ्या, पद्धत एकच. बिल मागा आणि बिलावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. स्वतःचं कार्ड टाकून दुकानातच अर्धा तास सलग रेकॉर्डिंग करा. चहा प्या तेवढ्यात. माइकचं छिद्र, एचडीएमआयचं छिद्र, कार्डाच्या सगळ्या जागा, सगळं वापरून बघा. लेन्समधून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का बघा. शटर काउंट कमी आहे म्हणून खूश होऊ नका. व्हिडिओचे तास त्या आकड्यात मोजले जात नाहीत. आणि काही जुन्या कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतं. युरोपात ३० मिनिटं किंवा जास्त सलग रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरून जादा आयातशुल्क लागायचं, त्यातून ती मर्यादा आली. कारण काहीही असो, ऐन कन्यादानात कॅमेरा थांबला तर नवरीच्या बापाला युरोपचा कायदा सांगणार का?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

आपल्याकडे सिनेमाची सुरुवात ज्यांच्या नावावर आहे, त्या दादासाहेब फाळक्यांनीही कर्जच काढलं होतं, विम्याच्या पॉलिस्या गहाण ठेवून. १९१२ साली ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणला. पण 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी आधी काय केलं? कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं, त्याची छोटीशी फिल्म थोडी थोडी करत काढली आणि पैसे लावणाऱ्याला दाखवली. आधी काम दाखवलं, मग मोठा पैसा मागितला.

तर बाळा, माझं ऐकशील तर आत्ता एक लाख काढू नकोस. आईला सांग, पंचवीस हजारांच्या आसपास घेऊ. त्यात वायरलेस माइक, ट्रायपॉड, एक लाइट. तिन्ही आज तुझ्या फोनला चालतात, उद्या कॅमेऱ्यालाही चालतील. एक पैसा वाया जाणार नाही. फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट मिळतं. तुझ्या फोनवर ते चालत असेल तर शटर, आयएसओ, फोकस हाताने लावायला शीक. तेच शिक्षण पुढे दोन लाखांच्या कॅमेऱ्यावर कामी येतं.

आणि लग्नाचं काम आलं की बॉडी भाड्याने आण. समजा, भाडं दिवसाला २,००० आणि कॅमेऱ्याची किंमत १,२०,०००. म्हणजे ६० दिवस भाड्याने वापरलास तर किंमत वसूल. तुला वर्षाला १५ दिवस काम असेल तर ६० दिवस व्हायला चार वर्षं लागतील. ४० दिवस काम असेल तर दीड वर्षात. मग विकतच घे, बिनधास्त. तुझ्याकडचं भाडं आणि किंमत घालून हा भागाकार कर. भाड्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात धरायचे, स्वतःच्या खिशातून नाही. आणि कॅमेरा आदल्या दिवशी आण, लग्नाच्या सकाळी नको. बटणं हाताला कळायला एक रात्र लागतेच.

कर्ज केव्हा काढायचं, तर माझा नियम असा. डायरीत नुसती "बघू, कळवतो" अशी नावं नकोत, ॲडव्हान्स हातात आलेल्या तारखा हव्यात. त्या तारखांच्या कमाईतून गाडीभाडं, मदतनीस, हार्ड डिस्क वजा जाता किमान सहा हप्ते निघत असतील, तर आईला घेऊन बँकेत जा. पावसाळ्यात लग्नं नसतात, हप्ता मात्र असतो. ते सहा हप्ते त्या महिन्यांसाठी.

कुणी म्हणेल, "ताई, मोठा कॅमेरा दिसला की गिऱ्हाईक जास्त पैसे देतं." खरंय, देतं. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा ते तुमचं नाव शेजाऱ्याला सांगतं ते व्हिडिओ वेळेवर मिळाला म्हणून, आणि आजीचा आशीर्वाद देतानाचा आवाज त्यात स्वच्छ ऐकू आला म्हणून. त्या आजी पुढच्या वर्षी असतील-नसतील. लोक पैसे त्याचे देतात.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या गावात कॅमेऱ्याचं दिवसाचं भाडं काय चाललंय, ते मला व्हॉइस मेसेजवर कळवा. मॉडेल, बरोबर लेन्स येते का, आणि डिपॉझिट किती, तिन्ही सांगा. पुढच्या भागात आपण लग्नाचं कोटेशन कसं करायचं ते बघणार आहोत, तेव्हा हे आकडे सगळ्यांच्याच कामी येतील. भेटूया!