लालसोटची पत्रे आणि ‘हक्क’ हा शब्द

(जयपूर जिल्ह्यातील चाकसू येथे भरलेल्या अभ्यासवर्गात हिंदीतून केलेल्या भाषणाचा वक्त्याने स्वतः तयार केलेला मराठी पाठ.)



अठराव्या शतकातील प्रबोधनकाळाच्या आठवणी, पत्रे आणि राजकीय लेखन या विषयावर बोलण्यास आपण मला पाचारण केले. अशा व्याख्यानाचा आरंभ रीतीप्रमाणे पॅरिसपासून व्हावयाचा. मी तो चाकसूपासून करणार आहे. जयपूरहून टोंककडे जाणारा हा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांचा मुलूख मराठी कागदपत्रांत वारंवार येतो. तो कशा रीतीने येतो, हे मराठी माणसाने आपल्यासमोर प्रथम सांगितले पाहिजे. त्यावाचून त्याला येथे रूसोविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही.

दिदेरोच्या विश्वकोशाचा पहिला खंड १७५१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत जयपूर शहरात मराठ्यांची कत्तल झाली. आदल्या डिसेंबरात होळकरांची फौज चालून येत असता, खंडणीच्या तगाद्यापुढे हतबल झालेल्या सवाई ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीव दिला होता. नवा राजा माधोसिंह मराठ्यांच्याच पाठबळाने गादीवर आला. तरीही शहर उठले. आमच्या शालेय पुस्तकांत अटकेपार गेलेले झेंडे होते, ही कत्तल नव्हती. ती मला पदवी घेतल्यानंतर, जुनी पत्रे वाचू लागल्यावर कळली.

ही पत्रे आज आपल्या हाती आहेत याचे श्रेय राजवाडे, खरे, पारसनीस, सरदेसाई यांच्यासारख्या संशोधकांना आहे. राजवाड्यांनी साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला; त्यासाठी ते गावोगावचे वाडे आणि माळे धुंडाळीत पायी हिंडले. या मंडळींची मते आपणांस सर्वस्वी मान्य होण्यासारखी नाहीत. परंतु त्यांनी कागद वाळवीपासून वाचविले. त्या कागदांत वर्गसंबंध शोधण्याचे काम त्यांचे नव्हते, आपले होते. आणि ते आपण फारसे केलेले नाही, हेही येथेच कबूल करतो.

येथून पूर्वेस काही कोसांवर तुंगा हे गाव आहे. २८ जुलै १७८७ रोजी तेथे महादजी शिंदे आणि जयपूर-जोधपूरच्या फौजा यांची गाठ पडली. मराठी इतिहासात हिला लालसोटची लढाई म्हणतात. त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेच्या राज्यघटनेचा मसुदा तयार होत होता, आणि बास्तीय दोन वर्षांनी पडावयाचा होता. लढाईचे कारण थकलेली खंडणी. शिंद्यांचा पूर्वीचा साथीदार हमदानी जयपूरकडे फितून गेला होता. तो तोफेच्या गोळ्याने ठार झाला. रणांगणात निकाल लागला नाही, तो लागला छावणीत. महिनोन्महिने पगार न मिळालेल्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसह शत्रूकडे निघून गेल्या, आणि महादजीस माघार घ्यावी लागली. यास फितुरी म्हणण्याचा प्रघात आहे. फितुरी होतीच, पण तिच्या बुडाशी थकलेली तलब होती.

आता या पत्रांच्या भाषेकडे लक्ष द्यावे. वकील आणि बातमीदार यांचे गद्य तुटक, नेमके, हिशेबी असते. सरदारांची नावे, फौजांची संख्या, हुंड्या, कोणी कोणाकडे कोणता निरोप धाडला, हे सारे त्यात सापडते. ज्याच्या शेतावर छावणी पडली तो सापडत नाही. तो ‘मुलूख’ या शब्दात दडलेला आहे. मुलूख खराब झाला, म्हणजे वसूल बुडाला. खंडणी राजाने कबूल करावयाची आणि ती अखेर ज्याच्या खळ्यातून निघावयाची त्याचे नाव कागदावर चढत नाही.

आणि याच कागदांत ‘हक्क’ हा शब्द पानोपानी येतो. माझ्या व्याख्यानाचा खरा विषय हाच. शब्द अरबी, मूळ अर्थ सत्य, न्याय्य. मराठी दप्तरात त्याचा अर्थ होता वतनाला जडलेले उत्पन्न: देशमुखाचा हक्क, पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क. महारांचाही हक्क होता. बावन्न हक्कांची परंपरा आपल्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु तो माणसाला नव्हता, वतनाला होता, आणि त्याच्या बदल्यात गावाची अखंड चाकरी होती. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले ते या बेडीविरुद्धच. सारांश, १७८७ च्या मराठीत हक्क म्हणजे दुसऱ्याच्या पिकातील वाटा.

ज्यांना असा वाटा नव्हता त्यांचे शस्त्र कोणते? त्याचे उत्तर एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत मिळते. टॉमस ब्रॉटन हा १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर याच प्रांतातून हिंडला. त्याची पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. दूणीच्या गढीला वेढा पडला होता तेव्हा तो तेथे होता. त्याची दृष्टी साहेबाची आहे, उपहास जागोजाग आहे. परंतु वैरण आणायला निघालेले लोक उभे पीक कसे कापून नेतात, हे त्याने लिहिले, आमच्या वकिलांनी लिहिले नाही. तसेच त्याने लिहिले धरण्याविषयी. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दाराशी बसत. स्वतः उपाशी राहत आणि आत असलेल्यालाही अन्न घेऊ देत नसत. आपण तहसीलीपुढे जे धरतो, त्या शब्दाचे हे वय आहे.

तिसरा दस्तऐवज जेम्स स्किनर याच्या आठवणींचा. बाप स्कॉट, आई राजपूत. शिंद्यांच्या कवायती फौजेत तो अधिकारी होता. जेम्स बेली फ्रेझर याने या आठवणी १८५१ मध्ये प्रसिद्ध केल्या. १८०० च्या सुमारास करौलीच्या राजाच्या मदतीस गेला असता उनियाऱ्याजवळ त्याची पलटण कापली गेली आणि तो स्वतः गोळी लागून रणात पडून राहिला. दुसऱ्या जखमींबरोबर पाण्यावाचून तळमळत असता एक म्हातारा आणि एक म्हातारी टोपली व पाण्याचे मडके घेऊन आली. म्हातारी प्रत्येक जखमीला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी देत चालली. शेजारी पाय तुटलेला एक राजपूत सुभेदार होता. बाई चांभार जातीची आहे हे कळल्यावर त्याने पाणी नाकारले. आता थोडक्या घटकांसाठी धर्म कशाला बुडवू, असे त्याचे म्हणणे. स्किनरने पुढे त्या बाईला हजार रुपये पाठविले. नवस म्हणून दिल्लीत चर्च बांधले, ते १८३६ साली पुरे झाले. चर्चला स्किनरचे नाव आहे. बाईचे नाव त्याच्या आठवणींत नाही.

या प्रसंगाला जे शब्द हवे होते ते तोवर इंग्रजीत छापले गेले होते. टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा पहिला भाग १७९१ मध्ये, बर्कला उत्तर म्हणून निघाला, दुसऱ्यानंतर त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. माणसाला अधिकार जन्मामुळे आहेत, सनदेमुळे नव्हेत, हे त्याचे म्हणणे. (प्रबोधनाचे सारेच पुढारी एवढे स्वच्छ नव्हते, जेफर्सन गुलामांचा मालक होता.) हे पुस्तक १८४७ साली पुण्यात वीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांच्या हाती पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केली. ज्या भाषेत हक्क वतनाला चिकटलेला होता, त्या भाषेत त्यांनी तो माणसाला दिला. हा काही शब्दकोशातील फेरफार नव्हे. त्यासाठी त्यांना बापाचे घर सोडावे लागले होते.

मी अनुवादक आहे. माझी अडचण लहान आहे. काही दिवसांपूर्वी पेनची काही पाने मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे होते. मी प्रथम ‘अधिकार’ लिहिले. संस्कृत, स्वच्छ, निर्धोक शब्द. मग वाटले, अधिकार तर मामलेदारालाही असतो. तो खोडून ‘हक्क’ लिहिला, आणि खाली टीप दिली की हा शब्द पूर्वी कोणाच्या खळ्यातून भरत असे. ही टीप छापताना जागेअभावी गळाली. तिचाच मजकूर आज आपल्यासमोर तोंडी मांडला.