आमवात : कुंपणानेच शेत खाल्ले तर
(सावनेर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कापूस वेचणाऱ्या, संत्री तोडणाऱ्या आपल्या सावनेर परिसरात हाताची बोटे हेच कित्येक कुटुंबांचे भांडवल होय. ती बोटे आखडविणारा आमवात हा आजचा विषय आहे. या नावाच्या विकाराचे वर्णन माधवनिदानातही आढळते. तथापि सांध्यात नेमके काय घडते, याचा उलगडा अलीकडचा आहे.

शरीरातील रोगप्रतिकारक पेशींनी परक्या जंतूंशी झुंजावयाचे. आमवातात त्याच पेशी स्वकीय सांध्यांवर उलटतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. सांध्याच्या आतील अस्तरात त्या गोळा होतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असे रेणू निरोप्यांप्रमाणे सोडतात. त्या निरोपांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, नव्या पेशी धावून येतात आणि त्याही तेच निरोप धाडतात. म्हणून सूज आपोआप शमत नाही. जाड झालेले अस्तर कूर्चेवर पसरते व हाड झिजविणाऱ्या पेशींना चेतविते. हेच रेणू रक्तावाटे सर्वांगी पोचतात. तेव्हा रुग्णाचा थकवा हा आळस नव्हे.

१९९२ साली लंडन येथे मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनी टीएनएफला अडविणारे प्रतिपिंड रुग्णांना दिले. एका रेणूस रोखताच सूज ओसरू लागली आणि नव्या उपचारांचे दार उघडले.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली आरंभिलेल्या पाहणीत सुमारे अर्धा टक्का प्रौढांस हा विकार आढळला. म्हणजे दोनशेंत एक. पुरुषांपेक्षा स्त्रियांस तो दुपटी-तिपटीने अधिक होतो.

आणि येथेच आपली कसोटी आहे. सकाळी तासभर बोटे न वळणाऱ्या सुनेस आपण कामचुकार म्हणतो. उपवर कन्येचा विकार स्थळ मोडेल या भीतीने झाकून ठेवतो. पण झिजलेले हाड व कूर्चा पूर्ववत होत नाहीत. आरंभीच्या काही महिन्यांत उपचार मिळाले, तर बहुतेकांचे सांधे वाचविता येतात. त्यासाठी महागड्या सुयाच हव्यात असे नाही; मेथोट्रेक्सेट हे स्वस्त औषध बहुतेकांचे पहिले औषध होय. मात्र ते आठवड्यातून एकदाच, वैद्यकीय देखरेखीखाली व रक्ततपासणीसह घ्यावयाचे. रोज घेतल्यास प्राणावर बेतते, आणि गर्भारपणी ते वर्ज्य आहे. विडी-सिगारेटने हा विकार बळावतो, हेही ध्यानी असावे.

बंधुभगिनींनो, घरातील कोणाची बोटे सहा आठवडे सुजलेली राहिली, तर अनोळखी पुड्यांच्या नादी न लागता तिला डॉक्टरांकडे न्या. वधूपरीक्षेत हात पाहणाऱ्या समाजाने त्या हातांची वेदनाही पाहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.