न बदलणारा डावा हात



हलक्या हाताने वाजवलेला पियानो आज आपल्या कानांवर सारखा पडत असतो. हॉटेलच्या लॉबीत, विमान सुटण्याआधी, झोप लागावी म्हणून मोबाइलवर लावलेल्या तासन् तासांच्या ध्वनिफितींत. ऐकून ऐकून आपला समज असा झाला आहे की हे वादन सोपे असते, ते मागे चालू ठेवायचे असते आणि त्याकडे लक्ष देण्याची गरज नसते. या समजाशी मला आज भांडायचे आहे. त्यासाठी मी एकच रचना घेणार आहे. अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स यांनी १५ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेली 'पीस पीस'. साधारण पावणेसात मिनिटांची. तिच्यातला उजवा हात आधी कुठे लिहिलेला नव्हता; तो तिथल्या तिथे सुचत गेला, ज्याला आपण उपज म्हणतो तसा.

इथे शेजारी पेटी ठेवली आहे. पांढरी एकचा षड्ज धरून या रचनेतला डावा हात दाखवतो. आधी सा, आणि त्यावर ग, प, नि. आता खाली पंचम, आणि त्यावर सा, रे, म, ध. बस्स, एवढेच. पहिला स्वरगुच्छ, मग दुसरा, परत पहिला, परत दुसरा. रचना संपत येईपर्यंत डावा हात याशिवाय काही करत नाही.

आता हे दोन गुच्छ जरा न्याहाळून पाहू. दोन्ही मिळून सातही शुद्ध स्वर येतात, म्हणजे बिलावलचे पूर्ण सप्तक. दुसऱ्या गुच्छात मात्र निषाद नाही. पाश्चात्त्य संगीतात पंचमावरच्या कॉर्डमध्ये, म्हणजे अशा स्वरगुच्छात, एरवी निषाद असतो, आणि तोच श्रोत्याला षड्जाकडे खेचतो. आता घरी जायचे, हे सांगणारा स्वर तो. एव्हान्स यांनी तोच वगळला आणि त्याच्या जागी षड्ज ठेवला. म्हणजे आपण घरापासून फार दूर गेलेलोच नसतो. दोन कॉर्डमधली ओढ इतकी सैल झाली की त्या कितीही वेळा आल्या तरी कंटाळा येत नाही. या रचनेतली शांतता अशी एका स्वराच्या निवडीतून आली आहे. नुसते सावकाश वाजवून ती येत नाही. पाहिजे तर आपापल्या वाद्यावर करून पाहा.

पेटीवर मी दाखवले खरे, पण पेटी इथे अपुरी पडते. माझा डावा हात भात्यावर, त्यामुळे उजव्याला सोबत नाही. त्याहून मोठा फरक सुराचा आहे. पेटीचा सूर भाता चालू आहे आणि बोट पट्टीवर आहे तोवर टिकतो. पियानोचा सूर उमटल्या क्षणापासून विरायला लागतो. पट्टी दाबली की आतली नमद्याची हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. ती तारेला भिडण्याच्या क्षणभर आधीच पट्टीपासून सुटलेली असते. त्यानंतर वादकाला तो सूर वाढवता येत नाही, त्याला मींड देता येत नाही, आंदोलन देता येत नाही. हातोडी किती वेगाने जाईल, एवढे त्याच्या बोटात. सूर किती वेळ विरू द्यायचा, एवढे पट्टीवर आणि पेडलवर. म्हणून हळू आणि विरळ वाजवणे पियानोवर फार अवघड. जलद तानेत एखादा सूर जड पडला तर पुढचे दहा सूर त्याला झाकून घेतात. इथे प्रत्येक सूर एकटा उभा असतो आणि तो पूर्ण विरेपर्यंत सगळे त्याच्याकडे पाहत असतात.

एव्हान्स तेव्हा २९ वर्षांचे होते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या चमूत काही महिने वाजवून, थकून, नोव्हेंबरमध्ये ते बाहेर पडले होते. डिसेंबरातल्या या ध्वनिमुद्रणात साथीला सॅम जोन्स डबल बासवर आणि फिली जो जोन्स ड्रम्सवर होते. त्याच तबकडीवर सनी रोलिन्स यांची 'ओलिओ' आहे, भन्नाट वेगातली. म्हणजे वेग जमत नाही म्हणून हा माणूस सावकाश वाजवत नव्हता. लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या 'ऑन द टाउन' या १९४४ च्या संगीतनाटकातले 'सम अदर टाइम' हे निरोपाचे गाणे वाजवायला ते बसले. गाण्याआधीची सुरावट म्हणून हे दोन स्वरगुच्छ घेतले, आणि गाण्याकडे वळायच्या ऐवजी तिथेच रमले. साथीदार थांबलेले, पियानो एकटा. मूळ तबकडीत 'सम अदर टाइम' नाहीच; त्याची नुसती चाहूल उरली, आणि त्या चाहुलीवर एक स्वतंत्र रचना उभी राहिली.

त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलायच्या आणि त्यांच्यावरून वादकाने न अडखळता धावायचे, ही मोठी कसोटी होती. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी मे १९५९ मध्ये 'जायंट स्टेप्स' मुद्रित केली. तिच्यात १६ मात्राखंडांत कॉर्ड २६ वेळा बदलते. ते वादन थोर आहे, त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २२ एप्रिलला, हेच कोल्ट्रेन माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीसाठी 'फ्लेमेन्को स्केचेस' वाजवत होते. पियानोवर एव्हान्स होते आणि रचनेची सुरुवात 'पीस पीस'च्या याच डाव्या हातातून झाली होती. त्या रचनेला ठरलेली चाल नव्हती. पाच स्वरसप्तके एकामागून एक घ्यायची, आणि प्रत्येकात ज्याला जितके रमावेसे वाटेल तितके रमायचे. रागाची बढत ऐकत आलेल्या आपल्या कानांना हे परके वाटायचे कारण नाही.

आता उजव्या हाताकडे येतो, कारण माझे मुख्य म्हणणे तिथे आहे. सुरुवातीला तो कोणालाही गुणगुणता येईल असे थोडे सूर घेतो आणि मधे भरपूर जागा सोडतो. मग हळूहळू स्वर दाटायला लागतात. मुरक्या येतात, कंप येतात. पुढे तर वरच्या सप्तकात कोमल आणि तीव्र स्वर असे येतात की डाव्या हाताशी त्यांचे सरळ भांडण होते. किलबिल म्हणावी असे तुटक, टोकदार सूर. ते एकटे ऐकवले तर हे शांत संगीत आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि या सगळ्यात डावा हात तसूभरही हलत नाही. तो उजव्याला आवरत नाही आणि त्याच्यामागे धावतही नाही. म्हणून ते बोचरे सूर आपल्याला सोसवतात. नुसते सोसवत नाहीत, हवेसे वाटतात.

झोपेसाठीच्या पियानोत नेमके हेच नसते. तिथे उजवा हातही डाव्याइतकाच गोड, आणि त्यामुळे ऐकायला काही उरत नाही. एव्हान्स यांचा साधेपणा एका हाताने घेतलेला आहे, दुसऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून. शोपँ यांनीही १८४४ मध्ये 'बर्सूझ' या अंगाईगीतात हेच केले होते. डावा हात शेवटाजवळ येईपर्यंत जवळजवळ तोच, आणि वर नक्षी वाढत जाते. पण ती लिहून ठेवलेली, घासूनपुसून घेतलेली रचना आहे. एव्हान्स यांच्यासमोर पुढच्या सुराची हमी नव्हती, आणि लपायला कॉर्डची गर्दीही नव्हती.

पुढे मैफलींत त्यांनी ही रचना जवळजवळ वाजवलीच नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. आज तिचे सूर न् सूर टिपून छापलेले मिळतात आणि विद्यार्थी ते हुबेहूब वाजवतात. बोटांना वळण लागायला ते ठीकच. पण मला विचाराल तर मी सांगेन, डावा हात त्यांचा घ्या. दोन स्वरगुच्छ एका दुपारी बसतील. मग उजव्या हाताने एकच सूर लावा आणि तो विरेपर्यंत दुसरा लावू नका. लगेच कळेल की आपले बोट किती उतावीळ आहे. दुसरा सूर खरोखर सुचला म्हणून येतो की पोकळी भरायला येतो, हे त्या दोन सेकंदांत ज्याचे त्याला समजते. माझ्या मते सगळी उपज तिथे शिकायला मिळते, मग वाद्य कुठलेही असो.

आता ध्वनिमुद्रण लावतो. माझी एकच विनंती आहे. पहिले मिनिट उजव्या हाताकडे दुर्लक्ष करा आणि फक्त खालचे दोन गुच्छ ऐका, विशेषतः दुसऱ्यातला षड्ज. तो एकदा कानात बसला की मग वर जे चालले आहे त्याच्याबरोबर खुशाल जा. टोकदार सूर येतील तेव्हा खालचा षड्ज सापडतोय का ते पाहा. प्रश्न नंतर घेऊ, आणि ज्यांना स्वतः वाजवून पाहायचे असेल त्यांच्यासाठी पेटी इथेच ठेवलेली आहे.