साखळी जोडताना
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



हारतुरे झाले, आता पाच मिनिटं रसायनशास्त्राची. माझं काम सॉफ्टवेअरचं. पण संशोधनातली भागीदारी कशी जमते, हे सांगायला पॉलिमरइतकं चांगलं उदाहरण नाही.

पाण्याचे टणक, पारदर्शक जार आपण उचलतो. त्यातले बरेच पॉलिकार्बोनेटचे असतात. लहान रेणूंची लांबलचक साखळी म्हणजे पॉलिमर. ही साखळी बनवायच्या रूढ पद्धतीत फॉस्जीन हा विषारी वायू वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, दुसरी वाट धरली: आधी आखूड साखळ्या करायच्या, मग त्या न वितळवता, घन अवस्थेतच तापवून वाढवायच्या. डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ तिथे संचालक होते. या कामाची अमेरिकन पेटंटं घेतली गेली आणि मग या धंद्यातली बलाढ्य जनरल इलेक्ट्रिक कंपनी एनसीएलबरोबर संशोधनाला पुढे आली.

यातला क्रम लक्षात घ्या. भागीदार यायच्या आधी एनसीएलच्या हाती स्वतःचं, नीट नोंदवलेलं काम होतं.

माशेलकरांच्या शाळेत भावे सरांनी भिंगाने ऊन एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला होता. ती आठवण ते आजही सांगतात. म्हणजे सुरुवातीला एक भिंग आणि एक शिक्षक एवढं पुरतं.

आपल्याकडे शहापूर आणि मुरबाड हे दोन शेजारी तालुके आहेत. दोन्हीकडच्या एकेका शाळेने एकच प्रयोग करावा: पांढऱ्या डिंकात टाकणखाराचं पाणी घालायचं. डिंकातल्या साखळ्यांना आडव्या गाठी बसतात आणि गोळा रबरासारखा ताणला जातो. प्रमाण, तापमान, वेळ वहीत लिहायची आणि वह्या बदलून वाचायच्या. इकडचा गोळा ताणला आणि तिकडचा तुटला, तर का? हा प्रश्न मुलं एकमेकांना विचारतील, तेव्हा भागीदारी सुरू झाली असं समजू.

नोंदींचा तक्ता मी करून देते. रसायन कंपन्यांत असलेल्यांनी वर्षातून एक शनिवार द्यावा. सरांनी आणि बाईंनी प्रयोग सुरक्षित होतोय ना, हे पाहावं. पुढे माळशेज घाट चढून मुलांना एनसीएल दाखवायला नेऊ. तेव्हा त्यांच्या हातात स्वतःची वही असेल.

नावं नोंदवायची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी तिच्यात आपलं नाव लिहा.