पुण्याईचा ताठा
(हीरकमहोत्सवी वर्षात शाळेच्या सभागृहात दिलेले भाषण)



साठ वर्षांच्या उत्सवात गर्वाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु मला ज्या गर्वाविषयी बोलावयाचे आहे तो दुर्गुणांतून उगवत नाही, तो सद्गुणांच्याच खतावर वाढतो. तेव्हा आपल्या गुणांची उजळणी चालू असताना त्याचा विचार व्हावा, हे योग्यच.

लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. दोघे जण मंदिरात प्रार्थनेस जातात. एक परूशी, दुसरा जकातदार. परूशी म्हणजे ढोंगी, असे आपण गृहीत धरतो आणि तेथेच दृष्टांताची धार बोथट होते. हा परूशी खोटे बोलत नाही. नियमशास्त्राने वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, उपवास सांगितला असता हा आठवड्यातून दोनदा करतो, मिळकतीचा दशांश देतो. त्याची प्रार्थनाही देवाचे आभार मानूनच सुरू होते. मात्र ते आभार आपण इतरांसारखे, विशेषतः त्या जकातदारासारखे, नाही याबद्दलचे असतात. जकातदार रोमी सत्तेसाठी स्वकीयांकडून कर उकळणाऱ्यांपैकी. त्याच्या चारित्र्याविषयी दृष्टांतात एकही चांगला शब्द नाही. तो दूर उभा राहतो, ऊर बडवून दया मागतो; आणि नीतिमान ठरून घरी जातो तो हाच.

मराठी बायबलातील हे ‘ठरणे’ मला फार अर्थपूर्ण वाटते. नीतिमान ‘होणे’ आपल्या प्रयत्नाधीन आहे, असे मानता येईल. ‘ठरणे’ दुसऱ्याच्या निवाड्यावर असते. ख्रिस्ती विचारातले नीतिमत्त्व हे असे पदरात पडलेले आहे, कमावलेले नव्हे. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आपले कुळ, आपला धर्मावेश, आपले निर्दोष नियमपालन यांची यादी दिली आणि जमेच्या बाजूचे हे सारे नावे टाकले. परूशाने सत्कृत्ये केली यात काही वावगे नव्हते. त्याने ती स्वतःच्या खाती मांडली, आणि मग शेजाऱ्याचे खाते उघडून पाहिले.

दृष्टांत ऐकून आपल्या मनात प्रथम काय येते? ‘बरे झाले, मी त्या परूशासारखा नाही!’ म्हणजे झालोच आपण परूशी. नम्रतेचेही तसेच. ‘माझ्यासारख्या पामराला’ अशी सुरुवात करून पुढे तासभर बोलणारे वक्ते या व्यासपीठानेही पाहिले असतील. आणि परप्रांतात मराठी शाळा टिकवून धरणाऱ्या आपल्यासारख्यांना, मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या स्वभाषिक शेजाऱ्यांकडे पाहण्याची एक विशिष्ट नजर येते. आपण टिकवले हे खरे आहे. परूशाचा उपवासही खराच होता.

या संदर्भात मला पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. विद्या, त्याग, सेवा यांपैकी कशाची उणीव होती? तरी पुढे त्यांनीच लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना, धर्माची सेवा करीत असूनही माणूस आतून रिता राहू शकतो, हे त्यांना जाणवले. जगाने थोर ठरविलेल्या स्त्रीने आपले सारे कर्तृत्व बाजूला ठेवून दया मागणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे, ही गोष्ट मला त्यांच्या धर्मांतराहूनही मोठी वाटते. त्यांचे काम त्यामुळे थांबले नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले.

तेथेच त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. लहानपणापासून संस्कृत ज्यांच्या जिभेवर होते त्यांना पांडित्यपूर्ण मराठी लिहिणे काय अवघड होते! पण खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला समजेल अशीच भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. हातात आलेला भारदस्त शब्द खाली ठेवावयाचा आणि सर्वांचा शब्द उचलावयाचा, हे एक-दोन दिवस नव्हे, दहा वर्षांहून अधिक काळ. विद्वानाला याहून कठीण उपवास कोणता असेल, मला ठाऊक नाही.

एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले, आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे खिळे जुळविले होते मुक्ती सदनातल्याच मुली-बायकांनी.